गोव्यापासून हाकेच्या अंतरावर

‘आमचं महाबळेश्वरला आहे.’ एवढं म्हणून मी थांबतो. काय आहे, ते सांगत नाही. ऐकणाऱ्याने बंगला समजावा, गेला बाजार बागेसकट कॉटेज तरी समजावी, इतकी जागा मी त्या वाक्यात राखून ठेवली आहे. लग्नाच्या पंगतीत जिलबी आणि मठ्ठा यांच्या मधे हे वाक्य सोडलं की शेजारचा माणूस ‘अरे वा’ म्हणतो. त्या ‘अरे वा’साठी मी पंचवीस वर्षांचं सभासदत्व घेतलं आहे.

आमचा तिथे वर्षातला एक आठवडा आहे, आणि तोही निळा. क्लबवाल्यांनी वर्षाला रंग दिलेत. मे महिना आणि नाताळ लाल, मधले बरे दिवस पांढरे आणि कुणालाच नको असलेले निळे. आमचा निळा जुलैत येतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला भरभक्कम भाग आमच्या मालकीच्या दिवसांत पडतो. स्ट्रॉबेरी संपलेली, वेण्णा लेकच्या होड्या बंद. आर्थर सीटवर उभं राहिलं की धुक्यात दरी दिसत नाही. शेजारी उभी असलेली बायकोही दिसत नाही, फक्त ऐकू येते.

‘महाबळेश्वर नको असेल तर एक्स्चेंज करा ना सर, जगात कुठेही!’ असं तो टायवाला मुलगा सही घेताना म्हणाला होता. ही कल्पना काही त्याच्या डोक्यातली नव्हे. सुट्टीच्या घरात हिस्से विकण्याचा, म्हणजे टाइमशेअरचा, उद्योग स्वित्झर्लंडमध्ये १९६३ सालीच सुरू झाला. पुढे १९७४ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात जॉन आणि क्रिस्टेल डीहान या नवराबायकोने असे आठवडे एकमेकांत बदलून देणारी कंपनी काढली आणि ती जगभर पसरली. नंतर दोघांचा घटस्फोट झाला, नवऱ्याचा हिस्सा बायकोने विकत घेतला आणि धंदा आणखी वाढवला. जगभरातल्या जोडप्यांच्या सुट्ट्या जुळवणाऱ्यांचं आपसात जुळलं नाही, हे मात्र त्या मुलाने सांगितलं नव्हतं.

मी जुलैचा आठवडा जमा केला आणि बदल्यात गोवा मागितला. समुद्रासमोर, नाताळात. फोनवरची मुलगी फार गोड बोलली. ‘सर, तुमची ट्रेडिंग पॉवर थोडी कमी पडतेय.’ फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, ‘हे मी लग्नापासून सांगतेय.’

ही पॉवर कशी ठरते, तेही त्या मुलीने समजावलं. तुमच्या जागेला मागणी किती, हंगाम कोणता, खोली केवढी, आठवडा किती आधी जमा केलात, वगैरे. थोडक्यात, जे कुणाला नको तेच तुम्ही दिलंत, तर जे कुणाला नको तेच तुम्हाला मिळेल. यात अन्याय म्हणावा असं काही नाही, आणि माझा राग नेमका त्यावरच आहे. भांडायला समोरच्याची लबाडी लागते. इथे निव्वळ हिशेब होता.

तरीही एक दिवस निरोप आला: ‘अभिनंदन! गोवा रीजन, नाताळचा आठवडा कन्फर्म!’ मी अदलाबदलीचं शुल्क भरलं, त्यावरचा अठरा टक्के जीएसटी भरला आणि व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. सोसायटीतल्या काकूंनी काजू आणायला सांगितले. सेक्रेटरींनी डोळा मारून आणखी काही आणायला सांगितलं. ‘रीजन’ या शब्दाकडे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही.

कोकणकन्येने कुडाळ सोडलं तेव्हा मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. कुडाळ आमचं गावचं स्टेशन. फलाटावर कुणी ओळखीचं भेटलं आणि ‘उतरत नाहीस?’ म्हणालं, तर काय सांगणार? थिवीला उतरून टॅक्सी केली. अस्नोडा मागे पडलं, समुद्राचा वास काही येईना. मग ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि म्हणाला, ‘गोंय सोंपलें, पात्रांव.’ समोर महाराष्ट्र शासनाचा स्वागताचा फलक होता. सरहद्द ओलांडल्याचे त्याने वरचे पैसे घेतले. गोव्यात जाण्यासाठी पैसे मोजलेले लोक खूप पाहिलेत. गोव्यातून महाराष्ट्रात येण्यासाठी पैसे मोजणारा बहुधा मीच.

रिसॉर्ट दोडामार्ग तालुक्यात होतं. मी तिथूनच क्लबला फोन लावला. मुलगी तितकीच गोड. ‘सर, मोपा एअरपोर्टपासून किती जवळ आहे बघा ना!’ हे खरं होतं. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून निम्मा सिंधुदुर्ग जाहिरातीत गोवा झालेला आहे. ‘आणि समुद्र?’ ‘सर, नेचर व्ह्यू आहे.’

नेचर म्हणजे रबर. आमच्या गॅलरीसमोर रबराची बाग होती. एकसारखी उंच झाडं, प्रत्येकाच्या सालीवर तिरकी खाच आणि खाचेखाली बांधलेली वाटी. पहाटे डोक्याला दिवा बांधलेला एक माणूस यायचा, वाकड्या सुरीने सालीची पातळ पट्टी काढायचा, आणि त्या रेघेवरून पांढरा चीक थेंब थेंब वाटीत उतरायचा. बायको चहाचा कप घेऊन तासभर बघत बसे. मला मात्र त्या झाडांबद्दल एक बिरादरीची भावना वाटू लागली होती. दरवर्षी ठरलेल्या वेळी यायचं, थोडंसंच कापायचं, झाड मरू द्यायचं नाही. क्लबचं वार्षिक शुल्क मार्चमध्ये येतं.

फाटकाशी वनखात्याचा फलक होता: हत्तींना डिवचू नये. हे हत्ती २००२ च्या सुमारास कर्नाटकातून इकडे उतरले. केळीच्या बागा आवडल्या, राहिले. सभासदत्व नाही, हंगामाचा रंग नाही, ट्रेडिंग पॉवर कमी पडतेय असं त्यांना सांगायची कुणाची छाती नाही. ज्याची केळी गेली त्या शेतकऱ्याच्या तोंडून ही गोष्ट ऐकली की विनोदी वाटत नाही. पण एक्स्चेंज करावं तर असं, हे मी मनात म्हटलंच.

मी फोटो काढला. तलावाची निळी फरशी, एक माड, माझा गॉगल. कडेने रबर कापलं, शेवाळ कापलं, ‘हॅपी हॉलिडेज इन गोवा’ लिहिलं. पाच मिनिटांत गावच्या दादाचा, म्हणजे थोरल्या चुलतभावाचा, फोन आला. ‘काय रे, गोव्याक गेलंस मां? मगे तुज्या मागे उपवनसंरक्षक, सावंतवाडी असो फलक कसो?’

आता गावच्या घराबद्दल सांगणं आलं. माझं असं ठाम मत आहे की टाइमशेअर स्विस लोकांच्या आधी आमच्या कोकणात होता. आमच्या घराच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की तलाठी वाचता वाचता पाणी पितो. त्यातले काही सभासद वारलेत, काही बोरिवलीला आहेत, एकजण दुबईत आहे. हंगामाचे रंगसुद्धा ठरलेले. चतुर्थी आणि शिमगा कडक लाल, आंब्याचा मे महिना लालभडक, आणि जून-जुलै निळा, कारण तेव्हा माजघरात पातेली मांडावी लागतात. गणपती पाळीने. ज्याची पाळी त्याने मूर्ती, माटवीचं सामान आणि भटजी बघायचे. पाळी चुकवून पुढची मागितली, तर ट्रेडिंग पॉवर तपासली जाई: मागच्या वेळी पातोळ्यांना गूळ कमी पडला होता की नाही? मुंबईहून काय आणलं? खोल्यांचे वर्ग होते. माजघराशेजारची लग्न झालेल्यांना, पडवी अविवाहितांना, आणि वळई तांदळाच्या कणग्यांना आणि सिंगल काकांना. वार्षिक शुल्क म्हणजे घरपट्टी, आणि ते भरण्याची पद्धत अशी की प्रत्येकाने दुसऱ्याने भरलं असेल असं मानायचं. तक्रार निवारण विहिरीवर, सकाळी, मोठ्या आवाजात. फणसाच्या बाबतीत तर नियम इतका बारीक होता की हात पोचतो तिथपर्यंतचे फणस घरात राहणाऱ्याचे आणि वरचे सगळ्यांचे. त्यामुळे आमचे एक आजोबा मरेपर्यंत टाचा उंचावून फणस काढत आणि ते ‘हात पोचतो’त मोजत. कुठल्याही क्लबच्या छापील अटींत एवढी कायदेशीर प्रतिभा मला सापडलेली नाही.

दादाने बोलावलं म्हणजे जावं लागतंच. रबराला रामराम करून आम्ही गावी पोचलो. खळ्यात शेण सारवलेलं, तुळशीपाशी रांगोळी आणि तिच्याशेजारी पुण्याची नंबर प्लेट असलेली मोठी गाडी. मी थेट माझ्या वाटणीच्या खोलीकडे निघालो, तेव्हा दादाने हात धरला. ‘अरे, थंय पुण्याची माणसां आसत. भायर बस जरा.’

दादाने निवास-न्याहारी योजनेत घराची नोंदणी केली होती. माझ्या आजीच्या पलंगावर एक तरुण जोडपं लॅपटॉप लावून बसलं होतं. मला पाहून त्या मुलाने आपुलकीने विचारलं, ‘तुमचंही बुकिंग आहे का? आम्हाला मिळायला फार त्रास झाला.’ वहिनींनी पाहुण्यांबरोबर मलाही घावणे वाढले आणि पाहुण्यांना आधी वाढले.

जेवण झाल्यावर दादाने वही आणली. प्रत्येक हिस्सेदाराचं एक पान. माझ्या पानावर, वहिनींच्या अक्षरात, डावीकडे माझ्या खोलीचं भाडं आणि उजवीकडे माझ्या वाट्याची घरपट्टी, माझ्या पाळीला मी न आल्यामुळे दादाने आणलेली मूर्ती, कौलं परतणाऱ्या गड्यांची मजुरी. सगळं वजा जाऊन खाली काहीतरी येणं निघत होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, कळवलंही नव्हतं. ‘हिश्शाचे असत,’ दादा म्हणाला आणि नोटा पुढे केल्या. क्लबकडून इतकी पत्रं येतात, ‘प्रिय मालक’ अशी सुरुवात असते, पण त्यात आजवर मला काही येणं निघालं नव्हतं. माझा घसा थोडा दाटला. तिखटामुळे, असं मी बायकोला सांगितलं. तिने वहिनींचा हात धरून ठेवला होता, त्यामुळे तिने माझ्याकडे पाहिलं नाही. नोटा आम्ही घेतल्या नाहीत. दादाने त्या परत वहीत ठेवल्या आणि तशी नोंद केली.

मग तो सहज बोलल्यासारखं बोलला. ‘एक माणूस येवन गेलो. टाय बांधलेलो. म्हणालो, घर आमच्या क्लबात घाला, एक्स्चेंजाक. पत्त्यात गोवा रीजन लिवया.’

माझ्या अंगात इतका जोर कुठून आला, कळलं नाही. मी उठून उभा राहिलो. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, म्हणालो, माझ्या सहीशिवाय एक कौल हलणार नाही. आयुष्यभर बाळगलेली मालकी प्रथमच कामाला येत होती, तेव्हा आवाज गरजेपेक्षा मोठा लागला. खोलीतून पुण्याच्या मुलाने डोकावून पाहिलं.

दादाने शांतपणे सुपारी कातरली. ‘बरां झालां. कौलां मे म्हयन्यात परतूची आसत. शिडी धरूक मालक होयोच.’

‘हे जमेल यांना,’ बायको म्हणाली. ‘उभंच तर राहायचंय.’