पळसाला पानं किती?

दिल्लीत बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षी थंडी छळते, दुसऱ्या वर्षी उन्हाळा, आणि या दोन्हींची सवय झाली की दसरा. आपट्याची पानं आणायची कुठून? मयूर विहारच्या एका सोसायटीतले काका याच प्रश्नापायी वृक्षतज्ज्ञ झाले. निदान सोसायटीत तसा बोभाटा आहे.

फुलवाल्यानं आपटा म्हणून जोडपानांची एक जुडी दिली होती. काकूंनी त्यातलं एक पान तळहातावर ठेवलं, तर तळहात झाकून गेला. "अहो, हे सोनं की पत्रावळ?" पान कांचनाचं होतं. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं नि पातळ. दोघं एकाच कुळातले, त्यामुळे महाराष्ट्रातसुद्धा दर दसऱ्याला कांचनाच्या फांद्या फुकट मोडल्या जातात. पण पुण्यात फसणं वेगळं आणि दिल्लीत पैसे मोजून फसणं वेगळं.

काकांनी मग प्रदीप क्रिशन यांचं 'ट्रीज ऑफ डेल्ही' घेतलं. क्रिशन मूळचे सिनेमावाले, पुढे झाडांच्या नादी लागले आणि २००६ साली हे पुस्तक आलं. त्यात झाड ओळखायचं ते पानावरून. हिशेब साधा आहे: फूल वर्षातून चार दिवस येतं, पान बहुतेक दिवस हाताशी असतं. पहिलाच प्रश्न असा की पान साधं की संयुक्त? काका तिथेच अडकले.

कारण पान कशाला म्हणायचं हेच आधी ठरवावं लागतं. देठ फांदीला जिथे चिकटतो तिथल्या बेचक्यात बारीकसा कोंब दिसला, तर त्या देठापासून पुढचं सगळं मिळून एक पान. पाडव्याला आपण कडुनिंबाची जी 'पानं' तोंड वाकडं करून चावतो, त्या नुसत्या पर्णिका. खरं पान म्हणजे ती अख्खी काडी. बेलाचं त्रिदळ हेही एकच पान. आणि मग तो भयंकर शोध लागला. "कुठेही जा, पळसाला पानं तीनच" म्हणत आपण पिढ्यान्‌पिढ्या सुस्कारे टाकत आलो, ते चूक आहे. पान एकच. पर्णिका तीन. काकांनी हे सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना जाहीर केलं. टाकी अजून गळते आहे.

मग काका पानं जमवू लागले. संग्रहाचा नियम एकच, झाडावरचं तोडायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं. त्यासाठी ल्यूटेन्सच्या दिल्लीसारखी जागा नाही. अकबर रोडला चिंच, कर्तव्यपथाला जांभूळ, जनपथाला अर्जुन. पण तिथे वाकून काही शोधणारा माणूस पहारेकऱ्याला आवडत नाही.

"अंकल, क्या ढूंढ रहे हो?"

"पत्ता."

"किसका पता? कौन-सी कोठी?"

काकांना आपलं हिंदी शुद्ध असल्याची खात्री होती. शेवटी त्यांनी अर्जुनाचं पान उलटं करून, देठ जिथे पात्याला भेटतो तिथल्या दोन इवल्या गाठी दाखवल्या. पहारेकऱ्यानं डोळे बारीक करून पाहिलं आणि दुसरं पान स्वतःच उचललं. त्यालाही होत्या. पुढची दहा मिनिटं त्या फाटकाची सुरक्षा जरा ढिलीच होती म्हणायची.

घरी पानं वर्तमानपत्रात दाबून, वर खलबत्ता. कागद रोज बदलायचा, नाहीतर पान काळं पडतं किंवा बुरशी धरतं. काकूंची तक्रार पानांबद्दल नव्हती, खलबत्त्याबद्दल होती.

खरी फजिती झाली रिजवर, म्हणजे दिल्लीतल्या अरवलीच्या रानटी टेकाडावर. आपट्याला दसऱ्यात मान मिळाला तो शमीच्या जोडीनं, आणि शमी, म्हणजे आपली सौंदड, राजस्थानची खेजडी, ती या कोरड्या मुलखातली अस्सल देशी. काका हरखले. पिशवीभर चिमुकल्या पर्णिका वेचून आणल्या आणि देवापुढे ठेवल्या. ती विलायती कीकर निघाली: अमेरिका खंडातून आणून लावलेलं, शमीचं भाऊबंद म्हणवणारं आणि आता सगळं रिज बळकावून बसलेलं झाड. फरक पर्णिकांवरून चटकन कळत नाही, काट्यांवरून कळतो. कीकरचे काटे पान फुटतं तिथे जोडीनं असतात, शमीचे दोन पेरांच्या मधे विखुरलेले. काकांच्या अंगठ्यात होता तो काटा कुठून आला, हे मात्र त्यांना सांगता येईना. पांडवांनी अशा झाडावर शस्त्रं ठेवली असती, तर अज्ञातवास संपल्यावर ती काढायला डॉक्टर लागला असता.

यंदा काका दसऱ्याआधी गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानातही जाऊन आले. जुन्या खाणींच्या जागेवर तिथे अरवलीची देशी झाडं मुद्दाम वाढवली आहेत. पण तिथलं पान न्यायचं नाही, फक्त पाहायचं. काका रिकाम्या हातानं परतले, तर काकूंनी ताटात फुलवाल्याची तीच मोठाली जोडपानं मांडून ठेवलेली.

"अगं, हा कांचन आहे, आपटा नव्हे!"

"कांचन म्हणजे काय हो?" काकूंनी ताट पुढे करत विचारलं.

काकांनी उत्तरासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं. सोनं घेतलं, नमस्कार केला, आणि एक पान उलटंपालटं करून वर्तमानपत्रात ठेवलं. खलबत्ता शोधायला ते स्वयंपाकघरात गेले, तेव्हा काकू त्यात वेलदोडे कुटत होत्या.