हॅलिबट गरवण्याचं काटकसरशास्त्र

अलास्कात होमरला जाऊन हॅलिबट गरवायचा, पण त्यासाठी लागणारं रॉड-रीळ मात्र स्वस्तात पदरात पाडून घ्यायचं, असा संकल्प ज्याने सोडला आहे त्याने आधी सगळ्या खर्चाचा हिशोब कागदावर मांडावा आणि कागद लगेच फाडून टाकावा. कारण त्या हिशोबात रॉडचा नंबर सगळ्यात खाली लागतो. विमानाचं तिकीट, अँकरेजपासून सव्वादोनशे मैलांसाठी भाड्याची गाडी, हॉटेल, परवाना, बोटीचे माणशी तीन-चारशे डॉलर, मिळालेला मासा कापून गोठवून देणाऱ्याचे पाउंडावर पैसे, शिवाय ती खोकी विमानात चढवायचे वेगळे. एवढ्या ठिकाणी निमूट कार्ड पुढे करणारा माणूस रॉडच्या दुकानात शिरला की त्याच्या अंगात काटकसर संचारते. वीस डॉलर वाचवायला तो तिथे दोन तास घालवतो आणि मग दुसऱ्या दुकानात जातो. या वृत्तीला आम्ही नावं ठेवत नाही. प्रस्तुत मार्गदर्शन तिच्याच सेवेसाठी आहे.

प्रथम प्रतिपक्षाची ओळख. हॅलिबट हा आपल्या लेप आणि भाकस यांच्याच गोतावळ्यातला चपटा मासा, फक्त त्याने अंग फार धरलं आहे. लहानपणी तो चारचौघांसारखा असतो, एक डोळा इकडे, एक तिकडे. पुढे डावा डोळा सरकत सरकत उजव्या बाजूला येतो आणि उरलेलं आयुष्य हा गृहस्थ पांढरी बाजू खाली घालून, दोन्ही डोळे वर लावून तळाच्या वाळूवर पडून राहतो. रॉडवर मिळालेला पॅसिफिक हॅलिबटचा विक्रम १९९६ सालचा, डच हार्बरचा : ४५९ पाउंड, म्हणजे दोनशे आठ किलो. दुकानदार बोलतो तो याच माशाबद्दल. प्रत्यक्षात बहुतेकांना मिळतो तो दहा-वीस पाउंडांचा पोरसवदा मासा. त्याला तिथली मंडळी ‘चिकन’ म्हणतात आणि थोराड माशाला ‘बार्न डोअर’, म्हणजे कोठाराचं दार. रॉड घ्यायचा दारासाठी आणि वापरायचा कोंबडीसाठी, असं या छंदाचं अर्थकारण आहे.

आता रॉड. नवशिक्याला वाटतं, लांब रॉड म्हणजे भारी रॉड. हॅलिबटला बोटीवरून सरळ खाली गळ सोडायचा असतो, लांब फेकायचा नसतो. त्यामुळे साडेपाच-सहा फुटांचा, जाड, ठेंगणा रॉड पुरतो. लांब रॉडने फक्त शेजाऱ्याची टोपी उडते. ग्रॅफाइटचा रॉड हलका आणि महाग, फायबरग्लासचा जड आणि स्वस्त, आणि दैवयोग असा की बोटीच्या कठड्यावर आपटण्यात, कोणाच्या तरी बुटाखाली येण्यात स्वस्तवालाच जास्त टिकतो. शेक्सपिअर कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेली ‘अग्ली स्टिक’ ही या पंथाची कुलदेवता. (कंपनीच्या संस्थापकाचं नाव खरोखरच विल्यम शेक्सपिअर होतं. मिशिगनमधल्या कॅलमझू गावचा हा माणूस. त्याने नाटकं लिहिली नाहीत, रिळं बनवली.) रूपाची अपेक्षा ठेवू नये, नावातच सगळं कबूल केलेलं आहे.

खरा प्रश्न रिळाचा. तीनशे फुटांवरून गळ वर आणायला हँडलचे दीडशेच्या आसपास फेरे लागतात. आमिष शाबूत आहे की कोणी फुकट खाऊन गेलं, हे बघायलाही तेवढेच. उत्साही माणूस सकाळभर नुसतं हेच करतो आणि त्याला ‘मासेमारी’ म्हणतो. या कामाला नाजूक रीळ चालत नाही. जुना जाणता पर्याय म्हणजे ‘पेन सेनेटर’. फिलाडेल्फियाच्या पेन कंपनीने हे रीळ १९३६ साली काढलं, आणि त्याची जात अजून चालू आहे. काटकसरी माणसासाठी यातलं सुवार्तेसारखं काही असेल तर ते हे, की जे यंत्र इतकी वर्षं फारसं बदललेलं नाही ते जुनं घेतलं तरी जुनाट ठरत नाही आणि त्याचे सुटे भागही मिळतात.

तेव्हा शनिवारी सकाळी अँकरेजमधल्या एखाद्या गराज सेलला जावं. गवतावर टेबल मांडलेलं असतं. त्यावर कॉफीचे मग, बर्फावर चालायच्या पट्ट्या, विजोड स्की आणि कडेला गडद लाल बाजूंचं एक सेनेटर. लगेच हात लावू नये. आधी मग उचलून बघावेत, किंमत विचारावी, ठेवून द्यावेत. मग सहज लक्ष गेल्यासारखं रीळ उचलावं, कानाशी धरून हँडल फिरवावं. वाळू चावल्याचा आवाज आला तर मीठ आत शिरलेलं आहे. पितळेवर हिरवट पूड धरलेली असेल तर मालकाने घरी आल्यावर ते गोड्या पाण्याने धुतलेलं नाही, आणि जो रीळ धूत नाही त्याच्या बोलण्यावरही फार विसंबू नये. मग हँडलजवळची चांदणीच्या आकाराची चक्री आवळून दोरी हाताने ओढून बघावी. ती एकसारखी सुटली तर उत्तम. गचके खात सुटली तर आतल्या चकत्या गेलेल्या आहेत. त्या बदलता येतात, थोडक्या पैशांत, पण हे ज्ञान चेहऱ्यावर दिसू देऊ नये. उलट खिन्न व्हावं. इथे मालक सांगेल की याच रिळावर दोनशे पाउंडांचा मासा काढला होता. गराज सेलमधल्या प्रत्येक रिळावर दोनशे पाउंडांचा मासा काढलेला असतो. ‘अरे वा,’ म्हणावं आणि वीस डॉलर कमी करून मागावं.

दोरीवर मात्र हात आखडू नये. साधा तंगूस स्वस्त, पण तो ताणतो. तीनशे फूट खाली माशाने तोंड लावलं तरी वर बातमी पोहोचत नाही. ऐंशी पाउंडांची विणलेली दोरी बारीक असते, पाण्याच्या ओढीला कमी सापडते, त्यामुळे शिसंही कमी लागतं. ती महाग आहे, म्हणून युक्ती : रिळाच्या गाभ्यात आधी स्वस्त तंगूस भरावा आणि वर तीनशे यार्ड चांगली दोरी गुंडाळावी. यात पैसे तर वाचतातच, शिवाय गुळगुळीत विणीची दोरी नुसत्या धातूवर जी गरागरा घसरते तीही घसरत नाही. या शास्त्रात काटकसर आणि शहाणपण एकाच ठिकाणी भेटल्याचं हे दुर्मीळ उदाहरण आहे.

शिशाबद्दल बोलायचं तर होमरच्या आसपास भरती-ओहोटीत वीस फुटांहूनही जास्त फरक पडतो. उधाणाच्या दिवसांत दोन-तीन पाउंडांचं शिसंही तळाला टिकत नाही, दोरी तिरकी तिरकी होत शेजारच्याच्या दोरीला जाऊन मिठी मारते. त्यावर उपाय म्हणून लोक आणखी जड शिसं, त्यासाठी आणखी दणकट रॉड आणि शेवटी विजेवर चालणारं रीळ घेतात. कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, भांगाचे दिवस बघून जा. अष्टमी-नवमीची भरती फुकट मिळते.

गळाची आकडी वाटोळी, ‘सर्कल हुक’, सोळा नंबरची घ्यावी. तिच्यावर हेरिंग लावावा. सामनचं डोकं त्याहून टिकाऊ, आणि कापणाऱ्याच्या टेबलापाशी ते कधी कधी मागूनही मिळतं. मासा लागला की हिसका द्यायचा नाही, हे मनावर बिंबवावं. ही आकडी माशाच्या तोंडाच्या कोपऱ्यात आपोआप फिरून बसते, आपण फक्त सावकाश गुंडाळत राहायचं. आयुष्यभर हिसके देऊन कामं करून घेतलेल्या माणसांना हे फार जड जातं. वर काय येईल ते मात्र सांगता येत नाही. रॉड धनुष्यासारखा वाकवून, बोटभर लोकांना गोळा करून, शेवटी पाण्यातून स्केट नावाचा भलामोठा दुसराच मासा वर यावा, अशी घटना इतकी नित्याची आहे की कॅप्टन आधी कॅमेरा काढत नाही.

खरं काटकसरशास्त्र बघायचं तर आग्नेय अलास्काच्या किनाऱ्यावरच्या त्लिंगिट आणि हायडा लोकांकडे जावं. रॉड नाही, रीळ नाही. इंग्रजी व्ही अक्षरासारखा लाकडी गळ, दोन भुजा दोन वेगळ्या लाकडांच्या, एक तरंगणारी, एक जड. त्या स्प्रूसच्या मुळांनी बांधलेल्या, काटा हाडाचा. एका भुजेवर कोरलेली आकृती माशाकडे तोंड करून खाली राहते. भुजांमधलं अंतर असं की फार लहान मासा अडकत नाही आणि फार मोठ्याच्या तोंडात गळ शिरत नाही, त्यामुळे अंडी घालणाऱ्या थोराड माद्या आपोआप सुटतात. असा जुना गळ आज घ्यायला जाल तर कलावस्तूंच्या बाजारात चांगल्या रिळापेक्षा महाग पडेल.

एक बाब राहिली. होमरच्या चार्टर बोटींवर रॉड, रीळ, आकडी, शिसं, आमिष सगळं बोटीच्या भाड्यातच येतं. तुम्ही हात हलवत यायचं. ही माहिती इतक्या उशिरा का दिली, असं विचारणाऱ्याने वरच्या परिच्छेदांचं मग काय झालं असतं याचा विचार करावा. स्वतःचं सामान खरोखर लागतं ते स्वतःची नाहीतर मित्राची बोट असणाऱ्यांना. निनिलचिकजवळ डीप क्रीकला बोट ट्रॅक्टरने ढकलून थेट लाटांमध्ये सोडतात, तिथे जाणाऱ्यांना. बाकीच्यांना लागतं ते केवळ हौसेपोटी, आणि हौशीचं समर्थन करायला सिएटलहून क्रूझवर येणारी आपली मंडळी समर्थ आहेत.

मोठा मासा खरंच वर आला तर स्वस्त रॉडने त्याला बोटीत ओढू नये. तिथले लोक दाराएवढ्या हॅलिबटला हार्पून मारतात, काही जण आधी गोळीसुद्धा घालतात, कारण जिवंत आत घेतलेला हॅलिबट शेपटीने माणसांचे पाय आणि बोटीचं सामान दोन्ही मोडू शकतो. शंभर पाउंडांवरचे मासे बहुतेक माद्या असतात. सोडून दिली तर पुढची पिढी, काटकसरीच्या दृष्टीने, फुकट तयार होते. घरी न्यायला चिकनच बरं. तिखट, हळद, कोकम लावून रव्यात घोळवावं आणि तव्यावर फार वेळ ठेवू नये. चरबी कमी असल्यामुळे ते पटकन कोरडं पडतं.

सप्टेंबरात बोटी आवरायला लागल्या की चार्टरवाले मोसमभर झिजलेली रिळं काढून टाकतात. तेव्हा तुमचंही रीळ विकायला काढावं. गोड्या पाण्याने धुवावं, चकत्यांना थोडं ग्रीस लावावं, पण फार चकचकीत करू नये. गिऱ्हाईक मग बघत रेंगाळलं की त्याचं लक्ष रिळाकडे आहे हे ओळखावं. त्याने हँडल कानाशी नेलं की आवाज खाली आणून सांगावं, दोनशे पाउंडांचा होता. किमतीत आधीच वीस डॉलर चढवून ठेवावेत.