एकशेतीस पाकळ्यांचा हिशेब

2024 च्या सुरुवातीला लसूण किलोला चारशेच्या वर गेला आणि माझ्यातला शेतकरी जागा झाला. आमच्याकडे शेत नाही. कमलनगरात घरामागे एक परडं आहे. कढीपत्ता, दोन अळूची पानं आणि धुणं वाळत घालायची तार एवढाच त्याचा सातबारा. पण जन्म सोसायटीची खतावणी लिहिण्यात गेल्यामुळे जागा किती आहे, यापेक्षा ती हिशेबात कशी बसते याचीच मला गोडी.

लसूण हे हिशेबनीसाचं पीक आहे. त्याला बी धरत नाही, पाकळीच बी. एक पाकळी लावली की एक गड्डा. वांग्यासारखं चार दिवस ओरबाडायला देणं नाही, की भोपळ्यासारखं शेजाऱ्याच्या पत्र्यावर जाणं नाही. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने भीमा ओंकार, भीमा पर्पल असे वाण काढलेत म्हणे. मी मात्र बाजारातलाच जाडसर गड्डा उचलला. ओळींत पंधरा सेंटिमीटर, पाकळ्यांत दहा. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्यात तेरा ओळी, ओळीत दहा पाकळ्या. एकशेतीस.

आता खर्चाची बाजू. घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि आई. रोज अर्धा गड्डा धरला तर तीस दिवसांच्या महिन्याने वर्षाला एकशेऐंशी, म्हणजे तूट. पण आईचा चातुर्मास कडक. कांदेनवमीला कांदा-लसणाचा शेवटचा घास, मग कार्तिकीपर्यंत नाव नाही. चार महिने वजा करता उरले दोनशेचाळीस दिवस, एकशेवीस गड्डे. पुढच्या लावणीला एकशेतीस पाकळ्या हव्यात, त्यासाठी दहा गड्डे बी. बेरीज एकशेतीस. पैचा फरक नाही! विठ्ठलाने चार महिने दिले नसते तर मला परड्याची भिंत पाडावी लागली असती.

माती हे एक प्रकरणच झालं. आमची काळी. कापसाला, तुरीला सोनं, पण वाळली की अशी आवळते की लसूण आत पोसायचा कसा? बिदर जांभ्याच्या पठारावर बसलंय, तिथली माती तांबडी. भाच्याला सांगून दोन पोती मागवली. तो रेल्वेने घेऊन आला आणि स्टेशनवर भेटेल त्याला ‘मामाला माती द्यायला चाललोय’ असं सांगत आला. घरी दोघं जण विचारपूस करायला येऊन गेले.

दसऱ्यानंतर लावण झाली. टोक वर, बूड खाली, एवढंच नातवाला सांगितलं होतं. दिवाळीनंतर काही कोंब पुढाऱ्यासारखे आधी एका बाजूला वाकून मग वर आले, त्यावरून त्याच्या ओळी कुठल्या ते कळलं. नऊ पाकळ्या शेजारच्या कोंबड्यांनी उकरल्या. नऊ चालतात. घट धरायचीच असते.

मी धरली नव्हती ती येळवस. मार्गशीर्षातल्या या अवसेला बिदर, लातूरकडे गावं ओस पडतात, सगळे शेतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. आम्हाला तीन बोलावणी. रिकाम्या हाताने जायचं कसं? भज्जीत लसणाची पात पडली तर बघायलाच नको, आणि ती नेमकी तेव्हाच हिरवीगार, वीतभर. आंबिलीलाही ठेचून लागतो. वैद्यकात लसणाला ‘रसोन’ म्हणतात. सहा रसांतला एक, आंबट, तेवढा त्यात उणा. आंबिलीत त्याची ती उणीव भरून निघते. हे मी बायकोला सांगेपर्यंत तिने तीन ओळी मुळासकट उपटल्या होत्या.

‘‘पात कापायची, गड्डा ठेवायचा!’’

‘‘कशाला मोजायलाव? लोक काय म्हणतील, शेंडे आणले म्हणून?’’

मग शेजारच्या काकू ‘दोन पाती’ न्यायला आल्या. त्यांची मातृभाषा कन्नड, आणि कन्नडमधलं ‘बेळ्ळुळ्ळि’ म्हणजे अक्षरशः पांढरा कांदा. कांद्याची पात जुडीने नेतात, तशी त्यांनी ही नेली. भाषेपुढे हिशेबाचं काय चालणार?

मार्चमध्ये पाती पिवळ्या पडल्या, माना मोडल्या, पाणी तोडलं. निघाले सदुसष्ट. सावलीत सुकवून जुड्या बांधल्या. दहा मोठे गड्डे बी म्हणून आढ्याला वेगळे टांगले आणि खाली चिठ्ठी लावली. उरलेल्यांतले वीस मुलाबरोबर हैदराबादला गेले. तिकडे काय लसूण मिळत नाही? पण हे विचारायचं नसतं.

आषाढ लागला तेव्हा खाण्याचे संपले होते, बी शाबूत होतं. कांदेनवमीच्या दुपारी मी बाहेरून आलो. घरभर भज्यांचा वास, ताटात शेंगदाण्याची तांबडीलाल चटणी. वर पाहिलं तर जुडीत चारच.

‘‘बी होतं ते!’’

‘‘परवा एकादशी,’’ बायको म्हणाली. ‘‘आज लसूण संपवायचा असतो. आत्याबाईंनीच सांगितलं.’’

मी आईकडे पाहिलं. तिने नजर वर न करता भाकरीवर आणखी चमचाभर चटणी घेतली आणि त्यावर तेल मागितलं.