शेवटच्या दशांशाचा माणूस

लवळ्याच्या डोंगरावर सिंबायोसिस, जवळच फ्लेम विद्यापीठ. एवढ्याशा गावाच्या हद्दीत इतके लॅपटॉप नांदत असतील तर त्यांत हा इसम असायचाच. ओळखायची खूण सोपी. रात्री दोन वाजता याच्या टेबलावर इंटेलचा लॅपटॉप, शेजारी काडेपेटीहून थोडा मोठा रास्पबेरी पाय, आणि साय धरलेला चहा. सेजसारख्या मुक्त गणिती सॉफ्टवेअरची एक टेस्ट लॅपटॉपवर पास होते, पायवर फेल. मित्र म्हणतात, "माझ्याकडे चालतंय की!" त्याच्या लेखी हा पुरावा नव्हेच, फार तर शेजाऱ्याने दिलेलं चांगल्या वर्तणुकीचं प्रशस्तिपत्र.

आणि तो बरोबर आहे. एका वर्गातून दुसरा वजा करून वर्गमूळ काढायचं आहे आणि दोन्ही संख्या सारख्याच आहेत, असं धरा. इंटेलच्या नेहमीच्या बिल्डमध्ये दोन्ही गुणाकार राउंड होतात, वजाबाकी शून्य. पायच्या 64-बिट एआरएमवर मात्र जीसीसी हा कंपाइलर, ऑप्टिमायझेशन चालू असताना, एक गुणाकार आणि वजाबाकी एकाच सूचनेत उरकतो. तो गुणाकार राउंड न होताच वापरला जातो. किराणा दुकानदाराने एकाच मालाचं एक बिल पूर्ण रुपयांत लिहावं आणि दुसरं पैशांसकट, तर फरक शून्य कसा येणार? तो कधी शून्याच्या किंचित खाली जातो, आणि वर्गमुळाच्या जागी 'नॅन', म्हणजे 'ही संख्याच नव्हे', उगवतो. जुन्या 32-बिट इंटेलवर तर आणखी गंमत: आत 80 बिटांत हिशेब, मेमरीत 64. चूक शोधायला मधे प्रिंट टाकला की कधी कधी चूकच गायब! जीसीसीच्या बग-यादीत ही तक्रार 2000 सालापासून 323 क्रमांकाने प्रसिद्ध आहे.

सोळाव्या अंकाने कुणाचं काय अडलं, असं विचारणारे भेटतातच. 1994 साली गणिती थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. इंटेलच्या पेंटियम चिपचं उत्तर जुळेना. 4195835 भागिले 3145727 म्हणजे 1.33382, ती चिप 1.33374 सांगत होती. इंटेलला त्यापायी 47 कोटी 50 लाख डॉलर बाजूला काढावे लागले. मग टेस्टमध्ये थोडी सूट देऊन टाका, हा दुसरा सल्ला. सेजमध्ये तशी सोय आहे, आणि आमच्या इसमाचा तिला विरोध नाही. पण कारण कळायच्या आत सूट देणं म्हणजे तराजू न तपासता मापात पाप माफ करणं, असं तो म्हणतो. तोवर त्याच्याबरोबर जेवायला बसणं शिक्षा असते, हे मात्र कबूल. भाजी वाढतानाही तो कंपाइलरची आवृत्ती विचारतो.

तरी त्याने पाच मिनिटांसाठी तुमचा लॅपटॉप मागितलाच, तर द्या. चार्जरसकट.