एसजीपीटी किती?

माझं एसजीपीटी दोन हजारांच्या पुढे गेलं आणि आमच्या घराण्यात एवढा मोठा आकडा प्रथमच कुणाच्या तरी नावापुढे लागला. नॉर्मल चाळिसाच्या आसपास. निदान झालं होतं ॲक्यूट हिपॅटायटिस बी. त्या दिवसापासून फोनवर "कसा आहेस?" हा प्रश्न बंद पडला आणि "एसजीपीटी किती?" सुरू झालं. आत्या तो आकडा वहीत उतरवून घेई आणि दुपारच्या चहापर्यंत तो सोलापूर, नाशिक, दादर करून आलेला असे.

त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न असायचा, "बाहेरचं काय खाल्लंस?" यात पाणीपुरीवाला पूर्ण निर्दोष आहे. दूषित अन्नपाण्यातून येते ती ए किंवा ई. बी येते रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून, जन्माच्या वेळी आईकडून बाळाला. शिवाय विषाणू शिरल्यापासून कावीळ दिसेपर्यंत एक ते सहा महिने जातात. म्हणून डॉक्टरांनी मागच्या सहा महिन्यांचा हिशेब मागितला. दात काढला होता? गोंदवून घेतलं? सलूनमध्ये वस्तरा नवा होता का? मग आवाज खाली आणून, "आणि... बाकी काही?" बायको शेजारी, आई मागच्या खुर्चीवर. सलूनमधल्या त्या वस्तऱ्याविषयी मी इतक्या तपशिलात कधीच बोललो नव्हतो.

आता ज्यावर सगळं घराणं डोळा ठेवून होतं, त्या एसजीपीटीची गंमत सांगतो. हे यकृताच्या पेशींच्या आतलं एन्झाइम. पेशी फुटल्या की रक्तात सांडतं. वाड्याला आग लागली की माणसं रस्त्यावर येतात, तसं. रस्त्यावरची गर्दी मोजून आग केवढी ते कळेल. वाड्यात आज स्वयंपाक झाला की नाही, ते कळणार नाही. आणि गर्दी ओसरली म्हणजे आग विझली असंही नाही. कदाचित बाहेर यायला आत कुणी उरलंच नसेल! आकडा झपाट्याने उतरतोय आणि रोगी बिघडतोय, असंही क्वचित घडतं.

स्वयंपाकाची चौकशी करायची तर आयएनआर बघायचा. रक्त गोठवणारे घटक यकृतच तयार करतं. ते थकलं की रक्त गोठायला वेळ लागतो आणि आयएनआर चढतो. माझा १.२ होता. डॉक्टर रिपोर्ट उघडून आधी तेवढंच बघत आणि मग बायकोला विचारत, "रात्री झोपतात ना? दिवसा गुंगीत नसतात? काही असंबद्ध बोलतात का?" यकृत कोलमडलं तर मेंदूवर परिणाम होतो, म्हणून हा प्रश्न. बायको प्रामाणिक. म्हणाली, "असंबद्ध म्हणजे नेहमीपेक्षा जास्त का?" आयएनआर मात्र आत्याच्या वहीत कधीच चढला नाही. १.२ हा काय आकडा झाला?

निवृत्त बँक अधिकारी असलेले काका तक्ता आखून बसले होते. त्यांना तफावत सापडली. "एसजीपीटी निम्म्यावर आलं, मग बिलिरुबिन का चढतंय?" बिलिरुबिन म्हणजे काविळीचा पिवळेपणा आणणारं द्रव्य; ते मागाहूनच उतरतं. एन्झाइम आधी उतरतं, कावीळ रेंगाळते. लघवीचा रंग निवळला तरी डोळे पिवळेच राहतात, कारण बिलिरुबिनचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसतो आणि ते अल्ब्युमिन आठवडेच्या आठवडे मुक्काम करतं. काकांनी ऐकून घेतलं, पण ताळेबंद जुळल्याचं समाधान काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

दरम्यान वरणातून हळद बाद झाली, कारण ती पिवळी. उसाचा रस सुरू करण्याचा ठराव झाला. त्यातल्या बर्फाच्या पाण्यातून काविळीचा दुसरा प्रकार येऊ शकतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर तो मागे घेतला गेला. माळेने कावीळ उतरवणारेही कुणी सुचवले. माळेतल्या ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. ती खुंटीला टांगली तरी लांबेल. डॉक्टरांचं पथ्य साधं होतं. भूक लागेल ते खा, दारू बंद, आणि न विचारता एकही गोळी किंवा चूर्ण नाही.

खरा गोंधळ पुढे झाला. विषाणूचं आवरण असलेल्या एचबीएसएजीला आमचे जुने डॉक्टर अजून 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात. १९६५मध्ये शास्त्रज्ञ ब्लमबर्ग यांना ते एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडलं म्हणून. त्या कामाला १९७६चं नोबेल मिळालं. आई म्हणाली, "ऑस्ट्रेलियाला तर आपल्यातलं कुणी गेलेलंच नाही!" हे अँटिजेन सहा महिन्यांत गेलं नाही तर आजार जुनाट ठरतो. मोठ्या माणसांत शंभरातले पंचाण्णव सुटतात. तान्ह्या बाळांत उलट, नव्वदांना तो चिकटतो. बाळाची प्रतिकारशक्ती भांडत नाही, म्हणून कावीळही होत नाही. यकृताच्या पेशी मारतो तो विषाणू नव्हे, आपलंच सैन्य. म्हणजे माझे ते दोन हजार हा माझाच पराक्रम होता.

माझं एचबीएसएजी निगेटिव्ह आलं, आईने पेढे आणले. पुढच्या रिपोर्टात 'अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह' वाचून तिने उरलेले पेढे झाकून ठेवले. हे पॉझिटिव्ह चांगलं, ही संरक्षक प्रतिपिंडं, हे पटवायला डॉक्टरांना फोन करावा लागला. विषाणूच्या गाभ्याविरुद्धची, म्हणजे कोअरची, प्रतिपिंडं बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहतील. विषाणूचा अंश यकृतात दडून असतो; पुढे केमोथेरपी वगैरे घ्यायची वेळ आली तर तो जागा होऊ शकतो, म्हणून ही फाईल रद्दीत घालायची नाही.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, लस टोचली गेली. काका तेवढे अजून "या वयात मला कशाला?" म्हणतात. तुम्ही तसं म्हणू नका. बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांत द्यायचा असतो. मोठ्यांचे डोस तीन: पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यानंतर सहा महिन्यांनी. आपण घेतलेत की नाही, एवढं आपल्या डॉक्टरांना विचारा.