काकडा, खंजिरी आणि नानकटाई

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या हिवरखेडात उशिरा उठायची सोय नाही. पहाटे देवळात काकडा सुरू होतो, आणि देवळाच्या भोंग्याचं तोंड नेमकं माझ्या खिडकीकडे आहे. आधी देव उठतो, मग गाव उठतं, शेवटी मी. सोयाबीन घरी आलेलं, तूर शेतात उभी, कापूस नुकता फुटू लागलेला. वेचणीला बाया मिळत नाहीत ही काळजी सोडली, तर निवृत्त माणसानं काहीतरी उपद्व्याप करावा असाच हा महिना. गेल्या वर्षी मी दोन केले. पोरीनं पुण्याहून पाठवलेला ओव्हन खोक्यातून बाहेर काढला आणि काकड्याहून परतणाऱ्या तिघांना चहाला थांबवून म्हटलं, "रोज तासभर बसू, वाजवू." बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "एका वेळी एकच काहीतरी बिघडवा नं."

तिघांपैकी गुरुजी पेटीवर. तबल्यावर आमचे अडत्ये; उभा जन्म कापसाच्या हिशेबात गेला, त्यामुळे मात्रा कधी चुकत नाहीत आणि उधारीही विसरत नाहीत. खंजिरीवर एसटीचे निवृत्त कंडक्टरसाहेब. व्हायोलिन माझं. मी कापूस एकाधिकार खरेदीत ग्रेडर होतो. बोंडातला धागा चिमटीत ओढून त्याची लांबी सांगायचो आणि शेतकऱ्यांच्या शिव्या खायचो. तीच बोटं व्हायोलिनच्या तारेवर ठेवली की दर खेपेला वेगळा भाव सांगतात.

युरोपात दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशी चौघांची चौकडी दिवाणखान्यात बसून वाजवते. त्याला चेंबर म्युझिक म्हणतात. हायडननं अशा चौकडीसाठी ६८ रचना केल्या. जर्मन कवी गटे याला ते ऐकताना चार शहाणी माणसं आपसात बोलताहेत असं वाटायचं. गटे हिवरखेडला आला नव्हता. इथं चौघं एकदमच बोलतात, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: "आधी माह्यं ऐकून घे."

त्या चौकडीला कंडक्टर लागत नाही. आमच्याकडे तो आधीपासूनच होता. साहेबांनी पहिल्याच बैठकीत नियम घालून दिला: खंजिरीच्या झांजा दोनदा वाजल्या की निघायचं, एकदा वाजल्या की थांबायचं. गुरुजींचा भूप रंगात आला असताना एक झांज वाजली.

"काऊन थांबवलं वो?" गुरुजी वैतागले.

"इथं स्टॉप हाय. समेवर उतरा लागते."

खंजिरीबद्दल साहेबांपुढे ब्र काढायची सोय नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली धर्मपरिषदेसाठी जपानला गेले, तिथं त्यांची खंजिरी वाजली, हे ते दर आठवड्याला एकदा सांगतात आणि मग माझ्याकडे वळतात. "खंजिरी जपानले जाऊन आली. तुमचं हे व्हायोलिन अकोल्याच्या पुढं गेलं काय?" गुरुजींची दुखरी जागा वेगळी. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१पर्यंत हलली नाही. पेटीचे सूर पक्के बसवलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही, हा त्यामागचा एक मोठा आक्षेप. माझ्या वाद्यावर मींडच मींड आहे. हवा तो सूर त्या वाटेवर कुठंतरी भेटतो. हे मी बोलून दाखवल्यावर अडत्ये म्हणाले, "गुरुजी, बंदी चुकीच्या वाद्यावर घातली राज्या त्याईनं."

आता ओव्हन. दीड हजार वॅटचा. तो लावला की ट्यूबलाइट फडफडते, पंखा चालू आहे की बंद हे बोट लावून बघावं लागतं आणि शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारतात, "भाऊ, वेल्डिंग करून रायले काय?" कृतीत लिहिलेलं असतं, १८० अंशांवर पंधरा मिनिटं. ज्या बाईनं ते लिहिलं तिच्याकडे लाइन जात नसावी. आमच्याकडे दीडशेपर्यंत काटा चढला की अंधार. लाइन परत येईपर्यंत वरची सळी थंड, खालची थंड, आणि मधल्या नानकटाया एकमेकींना धरून अख्ख्या ट्रेची एकच भाकर झालेली. माझं म्हणणं, दोष व्होल्टेजचा. बायकोनं वाद घातला नाही. तिनं सुरी आणून त्या भाकरीच्या शंकरपाळ्या कापल्या आणि चहाबरोबर मंडळींना दिल्या. कंडक्टरसाहेबांनी सुटे पैसे मोजावेत तशा त्या मोजून घेतल्या.

बेकिंगचा खरा फटका पेटीला बसला. पिठीसाखर चाळायचं टेबल आणि पेटी ठेवायचं टेबल घरात एकच आहे. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी मध्यमाची पट्टी दाबली तर सूर न निघता नुसतीच फुसफुस. गुरुजींनी वरची फळी उचलली. आत मुंग्यांची रांग, अगदी शिस्तीत, सगळं सप्तक ओलांडून चाललेली. पितळेच्या त्या इवल्याशा जिभेखाली साखरेचा एकच कण अडकला होता. गुरुजींनी वहीचा कोपरा फाडला, तो कागद जिभेखालून हलकेच सरकवला, भाता मारला, आणि मध्यम बोलू लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, ते पीठ भट्टीवर घेऊन जा बरं."

वहिनींना एवढंच हवं होतं. मैदा, रवा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन ती निघाली आणि मी मागोमाग. दिवाळीआधीचे आठ-दहा दिवस बेकरीच्या भट्टीवर सगळ्या गावाचे डबे रांगेला असतात. जिन्नस आपले, मजुरी किलोवर. पोहोचलात की आधी डबा ठेवून नंबर लावायचा आणि मग बसायला जागा शोधायची, हा क्रम चुकला की गेला दिवस. कारागीर परातीत आधी नुसतं तूप आणि साखर तळहातानं घासत राहतो. ते पांढरंफेक आणि हलकं होईपर्यंत मैद्याला हात लावत नाही. घाईच्या बाईनं कितीही खाकरून दाखवलं तरी नाही. मग गोळे, त्यावर अंगठ्याचा एक दाब, त्या खळग्यात एक चारोळी. ट्रेच्या कडेला नावाची चिठ्ठी. चिठ्ठी जळाली तर भांडण ठरलेलं, म्हणून शहाण्या बाया चारोळ्या मोजून लावतात किंवा प्रत्येक गोळ्यावर काट्यानं आपली खूण ओढतात.

भट्टी विटांची. आत लाकडं पेटवायची, निखारे बाजूला ओढायचे आणि विटांनी शोषलेल्या उष्णतेवर काम करायचं. ताव कडक असतो तेव्हा पाव, उतरला की नानकटाई आणि बिस्किटं, अगदी शेवटी टोस्ट वाळवायचे. एकदा पेटवलेली भट्टी अशी तीन प्रकारांनी वसूल होते. माझ्या ओव्हनला एकाही प्रकारानं झाली नाही. ताव किती आहे ते कारागीर हातानं बघतो. भट्टीच्या तोंडाशी हात धरतो, ओठ हलत असतात, मोजत असावा, आणि चटका असह्य झाला की मागे घेतो. मान डोलावली तर लांब दांड्याच्या फावड्यावर ट्रे आत. नाही डोलावली तर सगळी रांग थांबते आणि कोणी ब्र काढत नाही. आमच्या चौघांना महिनाभरात अशी लय सापडली नव्हती. बायको नानकटाईबरोबर दोन सोयरिकी, एक वाटणी आणि कोणाच्या सुनेनं कुठला फ्रिज घेतला, एवढं घेऊन घरी आली. ओव्हननं मला आजवर एकही बातमी दिलेली नाही.

गुरुजींचं तर म्हणणं, वऱ्हाडाला भाजायला शिकवायला कोण येणार? आपल्याकडे रोडगे आहेत. ते खरंच. मारुतीला नवस बोलायचा आणि शेतात जाऊन फेडायचा. जाडसर दळलेली कणीक, तेल-तूप लावून पदरावर पदर, त्याचा गोळा. गोवऱ्या पेटवून धूर पुरता निघून जाऊ द्यायचा, मग रोडगे त्या आरात पुरायचे. भाजल्यावर राख झटकायची, फोडायचा आणि आत तूप ओतायचं. सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. लाइन लागत नाही, ट्रे लागत नाही. लागतात फक्त माणसं, आणि ती न बोलावताही येतात.

तेव्हा दिवाळी उलटल्यावर अडत्यांच्या शेतात रोडगे केले आणि वाद्यंही नेली. हायडनचा एक किस्सा आहे. त्याच्या राजेसाहेबांनी वादकांना उन्हाळी महालात अडकवून ठेवलं होतं, घरी जायची परवानगीच देईनात. तेव्हा १७७२ साली त्यानं अशी एक सिंफनी रचली की शेवटाकडे एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून उठून जातो आणि उरतात फक्त दोन व्हायोलिन. राजेसाहेब समजले. आमच्याकडे वांग्याच्या भाजीला फोडणी पडली तेव्हा आधी खंजिरी उठली. मग तबला. मग गुरुजींनी भाता तसाच उघडा टाकला. मी एकटाच यमन ओढत बसलो. आराजवळून आवाज आला, "अवो, सिंगल बेल झाली. उतरा आता."

या महिन्यातून माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली. आमच्या गावात विस्तव सगळ्यांचा होता, भट्टीवर नाहीतर शेतात, आणि गाणं मात्र घरात चालायचं, दहा माणसं मावतील एवढ्या खोलीत. आता उलटं झालंय. ज्याचा त्याचा ओव्हन दार लावून घरात, आणि गाणं डीजेच्या गाडीवर रस्त्यात, असं की वरातीच्या वेळी फडताळातली भांडी सरकतात. चार माणसांचं ऐकणं चारशेंच्या कानात कोंबायचं आणि चाळीस जणांचं भाजणं एका माणसानं कोपऱ्यात करायचं, हे कोणी ठरवलं? ओव्हन मी पुन्हा खोक्यात घातला आहे. कोणाला हवा असेल तर घेऊन जा, गॅरंटी आणखी वर्षभराची आहे.

यंदाच्या कोजागिरीपासून आमची बैठक पुन्हा आहे, काकडा संपल्यावर लगेच. तबला आहे, पेटी साफ केली आहे, झांजेवर थांबायची सवय आता झाली आहे. दुसरं व्हायोलिन मात्र नाही. अकोट, तेल्हारा, अडगाव, जिथं कुठं कोणाच्या माळ्यावर एखादं पडून असेल त्यांनी ते घेऊन यावं, वाजवता नाही आलं तरी चालेल. येताना नानकटाई भट्टीवरचीच आणा, आणि पेटीपासून लांब ठेवा.