पंधरा बाटल्या

आमच्या आणि सुभेदार आप्पांच्या अंगणात तारेचं कुंपण आहे आणि त्यावर दोडक्याचा वेल. वेल त्यांचा, पण दोडके लागतात आमच्या बाजूला. ते द्यायला रोज संध्याकाळी कुंपणाशी जावं लागतं, आणि दोडके देऊन कोणी लगेच घरात जातं का?

परवा मी दोरीवरच्या सतरंज्या काढत होते. पलीकडून आवाज आला, "काय ताई, कथा चालनात?"

"साल्हेरला, आप्पा. रविवारी. युनेस्कोच्या यादीत आल्यापासून पोरं मागे लागलीत. म्हणे पिंपळनेरात राहून आपण पाहिला नाही, हे बरं दिसतं का?"

"बारा किल्ले घेतले २०२५च्या जुलैत. अकरा आपले, एक तामिळनाडूतला जिंजी," आप्पांनी हजेरी घेऊन टाकली. "निघणार कधी?"

"आठ-नऊला. नाश्ता करून."

आप्पांनी कच्ची कैरी चावल्यासारखं तोंड केलं. "म्हणजे ताहाराबादला चहा, मुल्हेरला भजी, आणि भर बाराला उन्हात कातळातल्या पायऱ्या! १५६७ मीटरचा गड आहे तो. राज्यात याहून उंच किल्ला नाही. उजाडायला पायथ्याला हजर पाहिजे. आणि चढायला किती वेळ लागतो ते मला विचारू नका. उतरायला किती वाजता लागायचं ते आधी ठरवा. दोन वाजले की माघारी फिरायचं, मग माथा हाताला लागत असला तरी."

ओट्यावर लसूण सोलणाऱ्या काकू हसल्या. "यांचं ऐकू नको गं. हाच माणूस नाशिकच्या स्टँडवर हरवला होता."

"हरवलो नव्हतो. बस चुकीच्या फलाटावर लागली होती."

"तिन्ही वेळा?"

आप्पांनी ते ऐकलंच नाही. म्हणाले, "पिशवी आणा बघू." मी आणली. त्यांनी कुंपणावरूनच तपासणी सुरू केली. गाण्यांचा स्पीकर बाहेर. अत्तराची बाटली बाहेर. "कड्यांना आग्या मोहोळं असतात. उग्र वास आणि गोंगाट, दोन्ही त्यांना चालत नाही." वेफर्सची पाकिटं बाहेर, त्यांच्या जागी गूळ-शेंगदाणे. भाकरी, ठेचा आणि कांदा यांना परवानगी मिळाली. मग पाणी मोजलं. माणसं पाच, एकेक लिटरच्या बाटल्या सहा.

"माणशी तीन. पंधरा."

"वर गंगासागर तलाव आहे म्हणे."

"आहे. त्याच्यावरच गड लढला. पण ते पाणी बघायचं, तुमचं पाणी तुम्ही न्यायचं."

मग आप्पांनी चपला काढल्या, कुंपणाच्या खांबाला टेकले. म्हणजे लढाई येणार, हे आम्हा दोघींनाही कळलं.

"लोक वर जातात, परशुरामाच्या देवळाशी फोटो काढतात आणि खाली येतात. तुम्ही तिथं बसा आणि खाली बघा. १६७१च्या सुरुवातीला महाराजांनी गड घेतला. मग मोगलांनी वेढा घातला, इखलासखान न् बहलोलखान. आता पोरांना विचारा, तुम्ही खान असता तर तंबू कुठे ठोकले असते? त्यांनाच दिसेल की वरच्याला सगळं दिसतं आणि खालच्याला फक्त कडा. १६७२च्या फेब्रुवारीत मोरोपंत एका बाजूने आले, प्रतापराव गुजर दुसऱ्या बाजूने. वेढा घालणाराच मधे सापडला. लढाई गडावर झालीच नाही, खाली मोकळ्या रानात समोरासमोर झाली. मराठे फक्त डोंगरात लढतात म्हणणाऱ्यांची तोंडं त्या दिवशी बंद झाली. इखलासखान कैद झाला. पण आपले सूर्याजी काकडे तिथेच पडले."

काकूंचा लसूण थांबला होता. त्यांनी ही लढाई किमान शंभरदा ऐकली असेल.

"मग दिवाळीत यांना नगरला नेऊ का, रणगाडे बघायला?" मी विषय वाढवला.

"न्या की. १९९४ पासूनचं संग्रहालय आहे. पासष्टच्या लढाईत पकडलेला पॅटन बघा, आवडीच्या कारखान्यात बनलेला विजयंता बघा. पण पोरं तोफेची लांबी बघतात. तुम्ही वरची झाकणं दाखवा. तेवढ्याशा भोकांतून चार माणसं आत उतरतात, आणि मे महिन्यात दार लावून बसतात. आणि हो, छावणीच्या हद्दीत आधार कार्ड जवळ ठेवा. फाटकावरच्या जवानाला विचारल्याशिवाय फोटो नाही."

"आणि द्रास?" थोरल्याने घरातूनच ओरडून विचारलं.

"विमानाने लेहला उतरलास तर पहिले दोन दिवस नुसतं झोपायचं. उंची लागली की पैलवानसुद्धा आडवा होतो. तोलोलिंगच्या पायथ्याशी कारगिल युद्धाचं स्मारक आहे. तिथली नावं वाच. वय लिहिलेलं दिसलं तर तेही वाच." मग आवाज बदलून म्हणाले, "आधी साल्हेर तर चढ."

रविवारी आम्ही खरंच उजाडायला वाघांब्याला होतो. साल्हेर-सालोट्याच्या खिंडीत वारा असा की धाकट्याची टोपी गेली. वर गेल्यावर पोरांनी तंबूंच्या जागांवरून अर्धा तास भांडण केलं. दोनला माघारी फिरलो. पाय मोडून आले होते, पण अंधाराच्या आत घरात होतो.

आप्पा कुंपणाशी उभेच. कसा झाला, काय पाहिलं, काही नाही. आधी माणसं मोजली. पाच. मग पिशवीत हात घातला.

"रिकाम्या बाटल्या चौदा आहेत."

"एक राहिली असेल वर, आप्पा. देवळापाशी."

आप्पा काही बोलले नाहीत. दोडके तोडले, माझ्या हातात दिले आणि घरात गेले.

काकू हळूच म्हणाल्या, "झालं. आता पुढच्या रविवारी मला नेतील, ती एक बाटली आणायला."